जुन्या मोटारीच्या इंजिनांतून होणारी तेलाची गळती व तिचा शोध

गेल्या वर्षीं मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्यावर मोरपिसासारख्या रंगांचा एक पातळ तवंग दिसला. पाणी भरावयास गेलेल्या सूनबाईंच्या तो प्रथम नजरेस आला, आणि कळशी रिकामीच घेऊन त्या परत आल्या. आमची विहीर जांभ्या दगडांत खणलेली आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यावर पडलेलें पाणी पाहतां पाहतां खालीं मुरतें, आणि पाण्याबरोबर जें कांहीं असेल तेंही मुरतें. विहिरीच्या वरच्या अंगास, वीस-पंचवीस पावलांवर, आमची जुनी अँबॅसडर मोटार उभी असते. तिच्या पोटाखालचा काळा डाग मी दोन वर्षें पाहत होतों, व जुनी गाडी म्हटली म्हणजे थोडें तेल गळावयाचेंच, असें म्हणून स्वस्थ होतों. त्या दिवशीं तें स्वास्थ्य संपलें.

पुढील दोन महिने या गळतीच्या शोधांत गेले. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसास यंत्रविद्येचें शिक्षण कोठून असणार? परंतु चौकशी कशी करावी हें त्या नोकरीनें शिकवलें होतें, आणि तेंच येथें उपयोगी पडलें. आपल्या मालवण किनाऱ्यावर नारळ, सुपारी व आंबा बाजारांत नेण्यासाठीं जुन्या मोटारी व जीपगाड्या कित्येक बागायतदारांच्या दाराशीं अजून आहेत. पाण्याच्या पंपांचीं जुनीं इंजिनेंही आहेत. त्या बंधूंस उपयोग व्हावा म्हणून ही हकीकत क्रमवार देत आहें.

इंजिनाची मूळ रचना

हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ सालीं स्थापन झाली, व बंगालमधील उत्तरपाडा येथील तिच्या कारखान्यांत १९५७ पासून अँबॅसडर तयार होऊं लागली. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून ती घेतलेली होती. १९५९ च्या सुमारास तिला १४८९ सी.सी.चें, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेलें, चार सिलिंडरांचें इंजिन बसूं लागलें. २०१४ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. अनेक दशकें सरकारी कचेऱ्यांपुढें हीच गाडी उभी असे. माझी गाडीही तशाच एका कचेरीच्या लिलावांत पुष्कळ वर्षांपूर्वीं घेतलेली आहे, आणि तिचें इंजिन याच १४८९ सी.सी.च्या जातीचें आहे.

हें सांगण्याचें कारण असें कीं, इंजिन ज्या काळीं आंखलें गेलें त्या काळच्या रीतीनेंच त्यांत तेल अडवण्याची योजना केलेली आहे. पत्र्याचीं झांकणें जेथें बसतात तेथें बुचाच्या लाकडाचें, म्हणजे कॉर्कचें, पॅकिंग असतें. क्रँकचा दांडा पाठीमागें क्लचकडे जेथें बाहेर निघतो तेथें आजच्या गाड्यांसारखें रबरी सील मुळींच नाहीं. त्याऐवजीं दांड्यावर स्क्रूसारखे आटे कोरलेले आहेत. दांडा फिरूं लागला म्हणजे हे आटे बाहेर येऊं पाहणारें तेल पुन्हा आंत लोटतात. दांडा थांबला कीं आट्यांचें काम थांबतें, आणि एखाद-दुसरा थेंब बाहेर येतो. तेव्हां रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखालीं दोन-चार थेंब दिसले तर तो या इंजिनाचा स्वभाव समजावा. परंतु ताटाएवढें थारोळें दिसल्यास तो रोग समजावा.

गळतीची किंमत

थेंबाची किंमत कोणी करीत नाहीं. पण एका मिलिलिटरास तीस थेंब धरले, व मिनिटास एकच थेंब पडतो असें मानलें, तर दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ४८ मिलिलिटर, आणि महिन्याचें जवळजवळ दीड लिटर तेल होतें. या इंजिनाच्या चेंबरमध्यें एकूण तेलच सुमारें चार लिटर मावतें. तेल कमी झालें म्हणजे उरलेल्या तेलावर अधिक भार पडतो, तें लौकर तापतें व पातळ होतें. अखेर बेअरिंग कोरडें पडून इंजिन जाम होतें. माझ्या गाडीच्या बाबतींत कसालच्या रस्त्यावर चढणीस तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकला, व गेजची काडी काढून पाहतों तों तेल खालच्या खुणेच्याही खालीं गेलेलें! गाडींत तीनशें नारळ होते. आणखी दहा मैल तशीच हांकली असती, तर नारळांच्या किंमतीच्या कितीतरी पट दंड भरावा लागला असता.

याखेरीज तीन तोटे आहेत. तेल क्लचच्या प्लेटीवर गेल्यास क्लच घसरूं लागतो. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतें त्या गाद्या तेलानें फुगून मऊ होतात. आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल ठिबकत राहिल्यास धूर होतो, व प्रसंगीं आगही लागते. विहिरीचा तोटा वर सांगितलाच आहे. तो पैशांत मोजतां येत नाहीं.

पहिली चूक

विहिरीचा प्रकार घडल्यावर मी गाडी एका कारागिराकडे नेली. त्यानें ती खड्ड्यावर घेतली, दिवा धरून खालून पाहिली, आणि क्लच हाऊसिंगच्या तळाशीं बोट लावून तेलानें माखलेलें बोट मला दाखविलें. "इंजिन उतरूक व्हया, तात्यानू, दुसरो उपाय नाय," असा त्यानें निकाल दिला. मागील बाजूनें क्रँकचें तेल येतें, सबब इंजिन उतरवून पूर्ण खोलावें लागेल, व पंधरा हजारांची तजवीज ठेवावी, असें त्याचें म्हणणें पडलें. माणूस लबाड नव्हता. त्यानें जें पाहिलें तेंच सांगितलें. परंतु फक्त शेवटचा टप्पा पाहिला.

हद्दीच्या तक्रारींत आम्हीं पुष्कळदां पाहिलेलें आहे कीं, पाणी ज्याच्या शेतांत तुंबतें त्याचा बांध फुटलेला नसतो. बांध फुटलेला असतो तीन शेतें वर. तेलाचें तसेंच आहे. तेल वरून खालीं उतरतें, आणि गाडी चालतांना पोटाखालून वाहणारा वारा तें पुढून मागें ढकलतो. त्यामुळें इंजिनावर कोठेंही गळती असो, तेल अखेर मागच्या खालच्या टोंकास, म्हणजे क्लच हाऊसिंगच्या तळाशींच, गोळा होतें. तेथें तेल आहे एवढ्यावरून तें तेथून निघालें असें ठरत नाहीं. तेल दिसतें ती जागा व तेल निघतें ती जागा या दोन निराळ्या आहेत, हें ज्यास पटलें त्याचें अर्धें काम झालें.

शोधाची रीत

(१) प्रथम तेल कोणतें तें ठरवावें. गाडीखालीं रात्रीं पांढरा कागद किंवा जुनें वर्तमानपत्र पसरावें व पुढील चाकांची जागा त्यावर खुणेनें दाखवावी. सकाळीं डाग कोठें आहे, किती आहे, कसा आहे तें पहावें. इंजिनाचें वापरलेलें तेल काळें व गुळगुळीत असतें. गिअरपेटींत ९० नंबरचें तेल असल्यास तें अधिक घट्ट असतें व त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकचें तेल पातळ असून बहुधा चाकांच्या जवळ दिसतें; तें दिसल्यास गाडी जागची हलवूं नये. रेडिएटरचें पाणी कागदावर वाळून जातें, तेल वाळत नाहीं.

(२) नंतर इंजिन स्वच्छ धुवावें. वर्षानुवर्षांच्या तेलाच्या व धुळीच्या लेपावर नवी गळती दिसत नाहीं. कार्बुरेटर व डेल्को यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, रॉकेल किंवा बाजारांत मिळणारें इंजिन धुण्याचें द्रावण ब्रशानें लावावें, व फडक्यानें पुसून काढावें. इंजिन थंड असतांनाच हें करावें. पेट्रोलनें कधींही धुवूं नये. धुण्याचें काम विहिरीपासून लांब, खालीं पत्रा घालून करावें, आणि पत्र्यावरील घाण डब्यांत भरून ठेवावी.

(३) इंजिन पूर्ण वाळलें कीं अंगास लावावयाची शंखजिऱ्याची पावडर, किंवा वस्त्रगाळ केलेली खडूची पूड, पातळ फडक्याच्या पुरचुंडीनें सर्व सांध्यांवर भुरभुरावी. तेल ज्या जागीं प्रथम येईल तेथें पांढऱ्यावर काळी रेघ उठते. मोठ्या कारखान्यांत आतां तेलांत एक रंग मिसळून निळ्या-जांभळ्या किरणांच्या दिव्यानें गळती पाहतात. परंतु घरगुती कामास पावडर पुरते.

(४) इंजिन चालू करून गरम होऊं द्यावें. मग दिवा व हातभर काडीस बांधलेला लहान आरसा घेऊन वरून खालीं व पुढून मागें, याच क्रमानें, पहावें. खालून पाहण्यास कधींही आरंभ करूं नये. पंखा फिरत असतां उपरणें, लांब बाह्या व हात दूर ठेवावे. गाडीखालीं शिरावयाचें असल्यास केवळ जॅकवर विसंबूं नये. चाकांस अडणी लावून मजबूत लाकडी ठोकळे द्यावे.

(५) गळती केव्हां होते तेंही टिपून ठेवावें. इंजिन चालू असतांनाच तेल जोरानें येत असेल, तर दाबाच्या तेलाची नळी, दाबाच्या दिव्याचा स्विच किंवा फिल्टर यांकडे संशय वळवावा. बंद केल्यावर हळूहळू ठिबकत असेल, तर पत्र्याचीं झांकणें व चेंबर पहावें. गाडी चढावर, नाक वर करून उभी असतांनाच थेंब वाढत असतील, तर मागील बाजू तपासावी.

संशयाच्या जागा

सर्वांत वर टॅपेट कव्हर. तें दोन नटांनीं बसतें. तेल गळूं लागलें कीं लोक ते नट आवळीत सुटतात. त्यामुळें पत्रा मध्यें दबतो, कडा उचलल्या जातात, आणि गळती वाढते. कॉर्क सुकून आखडलें असेल तर नवें पॅकिंग घालावें. नवें पॅकिंगही दुकानांत पडून आखडलेलें असल्यास थोडा वेळ पाण्यांत भिजवावें, म्हणजे तें पुन्हा मापास येतें. मग कोरडें पुसून बसवावें.

त्याखालीं, मॅनिफोल्डच्या आड, दोन साईड प्लेटी आहेत. प्रत्येक प्लेट मध्यभागीं एकाच बोल्टावर बसते. ही जागा अडचणीची, काळोखाची व सतत तापणारी असल्यामुळें येथील कॉर्क सर्वांत आधीं करपतें, आणि मॅनिफोल्ड आड येत असल्यामुळें येथील गळती सर्वांत शेवटीं सांपडते.

दुसऱ्या अंगास डेल्को जेथें बसतो तो सांधा, ऑईल फिल्टरचें पॅकिंग व दाबाच्या नळीचे नट पहावे. पुढील बाजूस टायमिंग कव्हर व क्रँकची पुली आहे. तेथील सील गेल्यास पुलीनें उडवलेल्या तेलाचा गोल पट्टा आसपास उमटलेला दिसतो. तळाशीं चेंबरचें पॅकिंग व तेल सोडण्याचें बूच. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेनें चेंबरचा पत्रा गंजून त्यास सुईएवढें भोंक पडूं शकतें, तेंही ध्यानांत ठेवावें. सर्वांत शेवटीं क्रँकची मागील बाजू. वरच्या साऱ्या जागा कोरड्या आहेत अशी खात्री पटल्यावांचून या जागेवर आरोप ठेवूं नये, कारण ती निर्दोष ठरली तरी तोंवर इंजिन उतरविण्याचा खर्च होऊन गेलेला असतो.

दुसरी चूक व खरें कारण

या रीतीनें पाहतां तिसऱ्या दिवशीं मला मागच्या साईड प्लेटीच्या खालच्या कडेस पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ दिसली. ती चेंबरच्या कडेवरून थेट क्लच हाऊसिंगपर्यंत गेली होती. प्लेट काढून पाहिली तों कॉर्क करपून त्याचे तुकडे पडत होते. नवें पॅकिंग घातलें. खर्च दोनशें रुपयांच्या आंत. मोठ्या समाधानानें मी घरांत सांगितलें कीं, काम झालें.

तीन आठवड्यांनीं कागदावर पुन्हा डाग आला. या वेळीं पुढच्या साईड प्लेटींतून व टॅपेट कव्हरच्या कडेनें तेल येत होतें, आणि मागच्या नव्या पॅकिंगलाही ओल आली होती. एक जागा बंद केली तर दुसऱ्या तीन उघडल्या! तेव्हां मनांत आलें कीं, एकाच वेळीं इतके सांधे कसे बिघडावे? एकाच गांवांतून एका महिन्यांत दहा तक्रारी आल्या, तर दहाही जणांची तक्रार बाजूस ठेवून त्यांचें सामाईक कारण शोधावें, हा कचेरींतील धडा येथें आठवला.

सामाईक कारण होतें तें इंजिनाच्या श्वासाचें. पेट्रोल जळतांना सिलिंडरांतील थोडा वायु पिस्टनच्या रिंगांजवळून खालीं चेंबरमध्यें झिरपतो. इंजिन नवें असो वा जुनें, हें कांहीं अंशीं चालावयाचेंच. हा वायु बाहेर जावा म्हणून इंजिनास ब्रीदर ठेवलेला असतो. माझ्या गाडीस पुढच्या साईड प्लेटीपासून खालीं जाणारी एक उघडी नळी आहे, व टॅपेट कव्हरपासून हवेच्या फिल्टरकडे जाणारी एक रबरी नळी आहे. या वाटा बंद झाल्या तर आंत दाब वाढतो, आणि तो दाब जेथें सांपडेल तेथून तेल बाहेर ढकलतो. मग मागील आट्यांचेंही कांहीं चालत नाहीं.

पाहण्याची रीत सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून तेल घालावयाचें झांकण काढावें, व त्या तोंडावर पातळ कागद धरावा. कागद किंचित थरथरला तर ठीक. तो जोरानें उडून जाऊं लागला, किंवा गेजच्या काडीच्या भोंकांतून वाफ व तेलाचे शिंतोडे येऊं लागले, तर आंत दाब आहे असें समजावें. माझा कागद उडून अंगणांत पडला. खालची नळी काढून पाहिली, तों तिचें तोंड कुंभारीण माशीनें मातीचें घर बांधून पक्कें लिंपून टाकलेलें! मागल्या पावसाळ्यांत गाडी चार महिने उभी होती, तेव्हां हें बांधकाम झालें असावें. वरची रबरी नळीही फुगून आंतून चिकटली होती. तारेनें व रॉकेलनें एक नळी साफ केली, दुसरी नवी घातली, आणि दोन्ही प्लेटींचें व टॅपेट कव्हरचें पॅकिंग एकदम बदललें. सर्व मिळून खर्च सहाशें रुपयांच्या आंत आला. त्यानंतर दिवाळी व शिमगा दोन्ही गेले. कागदावर सकाळीं दोन थेंबांहून अधिक दिसलेलें नाहीं.

नळ्या साफ असूनही कागद उडत असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असें समजावें. तेव्हां इंजिन खोलण्याचा खर्च खरोखरीच करावा लागतो. पण तो निर्णय शेवटीं घ्यावा, आरंभीं नव्हे.

पंपाच्या इंजिनासही हाच न्याय

आपल्याकडे विहिरींवर व पऱ्ह्यांवर जीं जुनीं संथ गतीचीं डिझेल इंजिनें आहेत त्यांपैकीं पुष्कळ इंग्लंडांतील लिस्टर कंपनीच्या नमुन्यावर बांधलेलीं आहेत. तो नमुना १९३० च्या सुमाराचा असून मिनिटास सुमारें ६५० फेरे फिरणारा आहे. राजकोटकडील कारखान्यांनीं त्याबरहुकूम पुष्कळ इंजिनें केलीं. अशा इंजिनास ब्रीदरच्या जागीं एक पातळ चकती असते. ती आंतला वायु बाहेर जाऊं देते, पण बाहेरची हवा आंत येऊं देत नाहीं. त्यामुळें आंत किंचित ओढ राहते व तेल सांध्यांतून बाहेर येत नाहीं. ही चकती मळानें चिकटली किंवा वांकली, म्हणजे दोन्ही फ्लायव्हीलांच्या मुळाशीं तेल दिसूं लागतें. मालक बेअरिंग बदलण्याच्या विचारास लागतो, आणि दोष असतो रुपयाएवढ्या चकतींत. चकती काढून पुसून बसविणें हें पांच मिनिटांचें काम आहे.

सांडलेल्या तेलाची व्यवस्था

गळती थांबेपर्यंत गाडीखालीं पत्र्याचें पसरट भांडें ठेवावें. जमिनीवर पडलेल्या तेलावर काथ्याचा भुसा किंवा लांकडाचा भुसा टाकावा. तो तेल शोषून घेतो. हा भुसा शेणखताच्या खड्ड्यांत टाकूं नये, व माडाच्या आळ्यांतही घालूं नये. वापरलेलें तेल डब्यांत साठवून, जुनें तेल शुद्ध करण्यासाठीं घेणाऱ्या परवानाधारकाकडे पोंचेल अशा गॅरेजास द्यावें. मीं गाडीची जागा बदलून विहिरीच्या उताराखालीं नेली, तेलकट झालेली माती कोंयत्या-कुदळीनें वीतभर खरवडून काढली, आणि पावसाळा संपेपर्यंत पिण्याचें पाणी शेजाऱ्यांच्या विहिरीवरून आणलें. शेजाऱ्यांनीं आढेवेढे न घेतां दिलें, हे त्यांचे उपकार आहेत.

सारांश

गळती दिसतांच पाना हातीं घेऊं नये. कागद हातीं घ्यावा. आधीं तेल ओळखावें, मग धुवावें, वाळवावें, पावडर घालावी व वरून खालीं पहावें. एका जागीं गळती असल्यास तेथील पॅकिंग बदलावें. अनेक जागीं असल्यास प्रथम ब्रीदर पहावा. पावसाळ्यांत गाडी उभी ठेवावयाची असल्यास ब्रीदरच्या नळीच्या तोंडास बारीक जाळी बांधावी, म्हणजे वायु जातो व कुंभारीण शिरत नाहीं. गेजची काडी दर आठवड्यास, व लांबच्या प्रवासापूर्वीं अवश्य, पहावी.

यंदाच्या मृगास सूनबाईंनीं पहिली कळशी भरली ती मुद्दाम मला दाखविली. पाणी स्वच्छ होतें. हा लेख त्याच दिवशीं लिहावयास घेतला.